साप्पोरोतल्या मिसो रामेनच्या रांगेत: वार निवडण्यापासून वाडगा रिकामा होईपर्यंत

जपानमधल्या साप्पोरोत मिसो रामेन, म्हणजे मिसो नावाच्या आंबवलेल्या सोयाबीनच्या लगद्याच्या सुपातल्या नूडल्स, खायला जायचं तर पहिलं काम म्हणजे कॅलेंडर उघडणं. साप्पोरो ज्यात येतं त्या होक्काइदो बेटावरची नावाजलेली दुकानं लहान असतात, मोजक्या माणसांवर चालतात आणि आठवड्यातला एक दिवस हमखास बंद असतात. तो दिवस पुष्कळदा सोमवार असतो. त्याखेरीज महिन्यातून एकदोन जादा सुट्ट्या, आणि सूप संपलं की दुपारीच दार बंद. प्रवासाचा आराखडा करताना आपण विमान, हॉटेल, बर्फ सगळं बघतो, पण 'दुकान त्या दिवशी उघडं आहे का' हे शेवटी बघतो. हा क्रम उलटा करायला हवा.

आम्ही गुरुवार, २७ फेब्रुवारी २०२५ हा दिवस ठरवला. त्या वर्षीचा साप्पोरोचा बर्फ महोत्सव ४ ते ११ फेब्रुवारीला होता. त्या आठवड्यात हॉटेलांचे दर चढलेले असतात आणि रामेनच्या रांगाही लांबतात. महोत्सव संपल्यावर बर्फ तितकाच असतो, गर्दी मात्र ओसरलेली असते. शनिवार-रविवार आणि जपानी सरकारी सुट्टी टाळली, सोमवार तर टाळलाच. आदल्या रात्री दुकानाचं वेळापत्रक पुन्हा एकदा पाहिलं, कारण 'रिंजी क्यूग्यो', म्हणजे आयत्या वेळची सुट्टी, अशी पाटी कधीही लागू शकते.

दुकान कोणतं, यावर बराच खल झाला. साप्पोरोत मिसो रामेनची सुरुवात झाली ती 'आजी नो सान्पेइ' या दुकानात, १९५०च्या दशकाच्या मध्यावर. तिथले मालक ओमिया मोरितो यांनी रामेनच्या सुपात मिसो घालायचं ठरवलं. त्यामागची सांगितली जाणारी हकिकत आपल्याला गंमत वाटेल अशी आहे: स्वित्झर्लंडच्या मॅगी कंपनीच्या प्रमुखाने जपानी लोकांनी मिसोचा आणखी वापर करावा असं म्हटल्याचं ओमियांनी एका मासिकात वाचलं होतं म्हणे. पुढे १९६४ साली सुरू झालेल्या घराण्यातून 'जुनरेन' आणि 'सुमिरे' ही दोन दुकानं पुढे आली. त्यांची ओळख म्हणजे दाट मिसो आणि वर चरबीचा जाड थर. १९९४ मध्ये योकोहामात रामेनचं संग्रहालय उघडलं तेव्हा 'सुमिरे' तिथे होतं, आणि हा प्रकार जपानभर पोचला. 'मेन्या साइमी'चे मालक याच 'सुमिरे'त तयार झाले. त्यांनी २००० साली स्वतःचं दुकान काढलं, ते शहराच्या मध्यापासून जरा दूर, तोयोहिरा भागातल्या साध्या वस्तीत. जुन्या दाट पद्धतीपेक्षा इथला वाडगा किंचित हलका, आणि चाशूवर, म्हणजे डुकराच्या मांसाच्या कापावर, किसलेल्या आल्याची छोटी गोळी. आम्ही हेच निवडलं.

पुढे जाण्याआधी शाकाहारी वाचकांसाठी स्पष्ट लिहितो. मिसो सोयाबीनचं असतं, त्यामुळे मिसो रामेन शाकाहारी असेल असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. सूप डुकराच्या हाडांचं, बहुतेकदा त्यात कोंबडी आणि सुकी मासळीही असते. कढईत तेलाऐवजी डुकराची चरबी पडते. मिसोबरोबर खिमा परतलेला असू शकतो. नूडल्समध्ये अंडं असतं. 'चाशू नुकी दे' म्हटलं तर वरचे काप काढून देतील, पण सूप तेच राहणार. 'यासाई', म्हणजे भाज्यांचं, मिसो रामेन हेही त्याच सुपात. मांस न खाणाऱ्याने अशा दुकानात सोबत म्हणूनही शिरू नये, कारण आत बसलेल्या प्रत्येक मोठ्या माणसाने एक वाडगा मागवायचा हा बहुतेक ठिकाणचा नियम आहे. एका वाडग्यात दोघांनी खाणं चालत नाही. तोक्योमार्गे जाणार असाल तर तोक्यो स्टेशनात 'टीज तानतान' हे पूर्ण वनस्पतिजन्य रामेनचं दुकान आहे. रामेन खाल्ल्याचं समाधान तिथे निर्धास्तपणे मिळतं.

खर्च फार नाही. साध्या मिसो रामेनच्या वाडग्याला हजार येनच्या आसपास पडतात, म्हणजे साडेपाचशे ते सहाशे रुपये. जादा चाशू, भात घेतला तर वर काही शे. रोख न्या. नोटा हजाराच्या असाव्यात, दहा हजाराची नोट सकाळीच कोन्बिनीत, म्हणजे कोपऱ्यावरच्या छोट्या किरकोळ दुकानात, काहीतरी किरकोळ घेऊन मोडून ठेवा. जपानने ३ जुलै २०२४ला नव्या नोटा काढल्या, आणि तिकीट यंत्र असलेल्या काही छोट्या दुकानांतली जुनी यंत्रं त्या नोटा घेत नाहीत. २०२१ साली आलेलं ५०० येनचं नवं नाणंही काही यंत्रं परत टाकतात. म्हणून खिशात जुनी-नवी सरमिसळ आणि शंभराची नाणी असलेली बरी.

सकाळी दहा वाजता ओदोरी स्टेशनवरून तोहो मार्गिकेची गाडी घेतली, फुकुझुमीच्या दिशेची. होसुइ सुसुकिनो, गाकुएन-माए, तोयोहिरा कोएन आणि मग मिसोनो. चार स्टेशनं, दहा मिनिटांच्या आत. भाडं अडीचशे येनच्या आसपास. तोक्योहून भाड्याचं सुइका कार्ड आणलं असेल तर ते इथल्या भुयारी रेल्वेत चालतं, साप्पोरोत मिळणारं किताकाही चालतं. साप्पोरोचंच साप्पिका नावाचं कार्ड मात्र जेआरच्या, म्हणजे जपान रेल्वेच्या, गाड्यांत चालत नाही, विमानतळाला परत जायचं असेल तर ते घेऊ नका.

मिसोनोहून दुकान पाच मिनिटांच्या चालीवर आहे. फेब्रुवारीत ही पाच मिनिटं दहा होतात, कारण फूटपाथवर दाबून काचेसारखा झालेला बर्फ असतो. बुटांच्या तळाला लावायचे रबरी, दातेरी पट्टे कोन्बिनीत मिळतात, ते लावून घ्या. पावलं छोटी टाका, हात खिशात घालू नका. पत्ता नीट समजावा म्हणून आणखी एक: साप्पोरोच्या मध्य भागातले पत्ते चौकटीच्या हिशोबाने असतात. 'मिनामी ५ निशी ३' म्हणजे ओदोरीपासून दक्षिणेला पाचवा आणि सोसेइ नदीपासून पश्चिमेला तिसरा ठोकळा. सुसुकिनो या रात्री गजबजणाऱ्या भागातली दुकानं शोधताना हे कळलेलं असलं की नकाशा न बघताही जाता येतं. मिसोनो त्या चौकटीच्या बाहेर आहे, तिथे मात्र फोनवरचा नकाशाच लागतो.

दुकान अकराला उघडतं. साडेदहाला पोचलो तेव्हा रांग इमारतीच्या कडेने वळलेली होती, पुढे वीसपंचवीस माणसं. एवढी माणसं बघून धस्स होतं. तापमान शून्याखाली, पाय गारठलेले, आणि दार बंद. पण रांगेकडे नीट पाहिलं की हिशोब लागतो. आसनं किती आहेत तेवढी माणसं दार उघडताच एकदम आत जातात. त्यानंतर पंधरावीस मिनिटं काहीच हलत नाही. मग पहिली खेप उठायला लागते आणि रांग भराभर पुढे सरकते. या मधल्या थांबलेल्या वेळात कंटाळून निघून जाणारे असतात, त्यांनी तेवढं करू नये. आत बसलेला माणूस सरासरी वीस मिनिटांत उठतो, कारण तिथे गप्पा मारत कोणी बसत नाही.

रांगेचे नियम न बोलता पाळले जातात. शेवट कुठे आहे ते विचारून घ्या, कारण दारापुढे किंवा शेजारच्या घराच्या फाटकापुढे जागा सोडून रांग पुढे चालू असते आणि नवखा माणूस नेमका त्या मोकळ्या जागेत उभा राहतो. 'साइकोबी' लिहिलेला फलक असेल तर तोच शेवट. एकाने उभं राहायचं आणि बाकीच्यांनी गाडीत बसायचं, हे चालत नाही. जेवढे खाणार तेवढे सगळे रांगेत हवेत. आपल्याकडे 'माझा नंबर बघा हं' म्हणून चहाला जायची रीत आहे, ती इथे घरी ठेवून यावी. काही दुकानांत दाराशी नावांची वही असते. तिथे नाव काताकाना या जपानी लिपीत किंवा साध्या रोमन अक्षरांत आणि किती जण ते लिहायचं. काही ठिकाणी सकाळी क्रमांकाच्या चिठ्ठ्या वाटतात, मग वेळेवर परत यायचं. म्हणून कुठेही पोचल्यावर आधी दाराजवळ जाऊन वही किंवा यंत्र आहे का ते पाहा, आणि मगच रांगेत लागा.

पाटी वाचता येत नसेल तर फोनच्या भाषांतराच्या कॅमेऱ्याचा उपयोग होतो. दारावर 'जुन्बिचू' असेल तर तयारी चालू आहे, 'एइग्योचू' असेल तर दुकान चालू. दाराबाहेर कापडी पडदा, नोरेन, टांगला की उघडलं असं समजावं. तो आत घेतला की त्या दिवसाचा कारभार आटोपला.

आत यायला साधारण पन्नास मिनिटं लागली. दार सरकताच चष्म्यावर वाफ, टोपी-हातमोजे काढायची धांदल, आणि भाजलेल्या मिसोचा वास. 'नानमेइ सामा देसु का', म्हणजे किती जण, असं विचारतात, बोटं दाखवली तरी पुरतं. जागा मिळायच्या आधीच ऑर्डर विचारली गेली. हे पहिल्यांदा गोंधळात टाकतं, कारण आपण अजून बसलेलोच नसतो. पण त्यामागे कारण आहे. तुम्ही बसाल त्या सुमाराला तुमचा वाडगा कढईतून उतरावा, असा मेळ आतले लोक घालत असतात. म्हणून उभ्या उभ्याच ठरवून ठेवा. 'मिसो रामेन हितोत्सु, ओनेगाइशिमासु' म्हटलं की एक, 'फुतात्सु' म्हटलं की दोन. शोयु (सोया सॉसचं) आणि शिओ (मिठाचं) रामेनही मिळतं, पण पन्नास मिनिटं उभं राहून पहिल्याच खेपेला दुसरं काही मागवू नये, असं माझं मत.

ज्या दुकानांत तिकीट यंत्र असतं तिथे क्रम वेगळा. आधी पैसे टाकायचे, मग बटण दाबायचं. डावीकडचं सगळ्यात वरचं बटण बहुधा त्या दुकानाची मुख्य गोष्ट असते. लाल दिवा किंवा फुलीचं चिन्ह असलेलं बटण म्हणजे संपलं. चिठ्ठी पडली की सुट्या पैशांसाठी तरफ ओढायला लागते, ती विसरली की पैसे यंत्रातच राहतात. चिठ्ठी काउंटरवर ठेवायची आणि गप्प बसायचं. वेगळं काही सांगायचं असेल, चाशू नको वगैरे, तर ते चिठ्ठी देतानाच सांगायचं.

काउंटरला जागा मिळाली तर नशीब समजा, कारण कढई समोर दिसते. वाडगे एकेक करून बनत नाहीत, चारपाच एकदम. मोठ्या लोखंडी कढईत चरबी तापते, धूर यायला लागतो. त्यात लसूण, खिमा, कांदा, मोयाशी, म्हणजे कडधान्याचे लांब पांढरे मोड, आणि मिसो. मिसो नुसतं सुपात कालवत नाहीत, तर कढईत परततात, आणि साप्पोरोच्या पद्धतीचा जीव यातच आहे. परतल्याने त्याचा कच्चा, आंबूस वास जातो आणि करपट-गोड वास येतो. मिसो कमी परतलं तर सूप नुसतं खारट लागतं, जास्त परतलं तर कडू, मधला वेळ काही सेकंदांचा. मग त्या तापलेल्या कढईतच सूप ओततात आणि सगळं एकदा उसळून येतं. तोवर नूडल्स उकळत्या पाण्यातून बाहेर येतात, जोराने झटकून पाणी काढतात, वाडग्यात पडतात आणि वर सूप.

नूडल्स पिवळ्या, मध्यम जाड आणि कुरळ्या. 'साइमी' आणि 'सुमिरे' दोघंही मोरिझुमी सेइमेन या साप्पोरोतल्या कारखान्याच्या नूडल्स वापरतात. पिठात पाणी जास्त, अंडं आणि कान्सुइ नावाचं क्षारयुक्त पाणी, आणि मळल्यावर मुरायला ठेवलेल्या. त्यामुळे त्या उकळत्या सुपातही चटकन मऊ पडत नाहीत. दक्षिणेकडच्या हाकाताच्या बारीक, सरळ नूडल्ससारख्या असत्या तर दोन मिनिटांत लगदा झाला असता. हाकातात नूडल्सचा जादा घाणा मागवतात, ती पद्धत इथे शोधू नका. भूक मोठी असेल तर सुरुवातीलाच 'ओओमोरी', मोठा वाडगा, मागायचा.

वाडगा समोर येतो तेव्हा त्यातून फारशी वाफ येत नाही, आणि इथेच पुष्कळ जण फसतात. सुपावर चरबीचा पारदर्शक थर असतो, मिसळीवरच्या तर्रीसारखा, आणि तो वाफ खाली दाबून ठेवतो. उणे तापमानाच्या गावात सूप शेवटपर्यंत गरम राहावं म्हणूनच तो घालतात. थंड दिसणारं सूप चमचाभर तोंडात घेतलं की जीभ पोळते आणि पुढचा सगळा वाडगा बेचव जातो. पहिला घोट अगदी छोटा, चमच्याच्या टोकाने घ्या. चमचा, रेंगे, खोल असतो. त्यात थोड्या नूडल्स घेऊन, फुंकर मारून, मग खायच्या. सूं सूं आवाज केला तर चालतं, केलाच पाहिजे असं नाही. ओढताना हवा आत जाते आणि नूडल्स थोड्या निवतात, एवढाच त्याचा फायदा.

आल्याची गोळी लगेच ढवळू नका. अर्धा वाडगा आहे तसा खा. तोवर चरबी जड वाटायला लागलेली असते. मग चाशूवरचं आलं चॉपस्टिकने सुपात सोडा. तोच वाडगा एकदम मोकळा, तरतरीत होतो. टेबलावर तिखट, इचिमी किंवा शिचिमी, असतं. मराठी हात तिकडे आधी वळतो, पण पहिले काही घास तसेच घ्यावेत. पांढरी मिरी चालेल, लाल तिखट शेवटच्या तिसऱ्या भागात. मेन्मा, म्हणजे आंबवलेले बांबूचे कोंब, शेवटी खायला ठेवले तर मिसो त्यात छान मुरतं. सूप सगळं प्यायची सक्ती नाही. मीठ भरपूर असतं, रक्तदाबवाल्यांनी वाडग्यात ठेवून उठलं तरी कुणी वाईट मानत नाही. भात घेतला असेल तर उरलेलं सूप चमच्याने भातावर घ्या. भात सुपाच्या वाडग्यात उपडा करणं काही दुकानांना आवडत नाही.

पाणी बहुतेक ठिकाणी आपणच घ्यायचं. फोटो काढायचा तर एकदोन, स्वतःच्या वाडग्याचे, फ्लॅशशिवाय. शेजारच्यांचे, कढईपुढच्या माणसांचे नाही. चित्रफीत काढायची तर आधी विचारायचं. कोट अंगावर घेऊन बसायला लागलं तर कागदी एप्रन मागा. लहान मुलं असतील तर रांगेतच सांगा, छोटा वाडगा आणि टेबलाची जागा देता येते का ते ते बघतात. पण टेबल मोकळं व्हायला काउंटरपेक्षा जास्त वेळ लागतो, तेव्हा चार जणांच्या कुटुंबाने दोन-दोन असं बसायची तयारी ठेवली तर लवकर सुटका होते.

उठताना वाडगा काउंटरच्या वरच्या फळीवर ठेवायचा, फडकं असेल तर समोरची जागा पुसायची. पैसे गल्ल्यापाशी, छोट्या ताटलीत ठेवायचे, हातात द्यायचे नाहीत. टीप नाही. उरलेली नाणी ठेवून निघालात तर मागे धावत येऊन परत देतील. 'गोचिसोसामा देशिता', म्हणजे जेवणाबद्दल आभार, म्हणायचं आणि बाहेर. बसल्यापासून बाहेर पडेपर्यंत पंचवीस मिनिटं लागली, आणि बाहेर रांग सकाळपेक्षा लांब होती. दुपारी पावणेदोननंतर ती थोडी आखडते, पण तेव्हा सूप संपण्याची धास्ती.

आता, बेत फसला तर काय. आधी एक सावधगिरी: जुन्या प्रवासमाहितीत साप्पोरो स्टेशनला लागून असलेल्या एस्ता इमारतीतलं दहाव्या मजल्यावरचं 'रामेन क्योवाकोकु' अजून सापडतं. ती इमारत ऑगस्ट २०२३च्या अखेरीस बंद झाली, तिथे जाऊ नका. 'आजी नो सान्पेइ' मात्र चालू आहे. ओदोरीजवळच्या दाइमारू फुजीइ सेंट्रल या स्टेशनरीच्या मोठ्या दुकानाच्या चौथ्या मजल्यावर, रंग आणि कागदांच्या मधोमध. नुसता काउंटर, सूप 'सुमिरे' घराण्यापेक्षा हलकं, चरबी कमी. ज्यांना तवंग जड जातो त्यांनी हेच आधी करावं. सोमवारी बंद. रात्री भूक लागली तर सुसुकिनोतली 'गान्सो रामेन योकोचो' ही अरुंद गल्ली, सतराएक दुकानं दाटीवाटीने. तिथे रांग नसलेल्या दुकानातही कढईत परतलेलं मिसो मिळतं, फक्त दारावरचा भाव बघून शिरा, खेकडा आणि लोणी घातलेले वाडगे बरेच महाग असतात.

आणि तेही नाही जमलं तर शिन-चितोसे विमानतळावर, देशांतर्गत टर्मिनलच्या तिसऱ्या मजल्यावर 'होक्काइदो रामेन दोजो' आहे, दहाएक दुकानं, सुरक्षा तपासणीच्या आधी. साप्पोरो स्टेशनपासून जेआरच्या 'रॅपिड एअरपोर्ट' गाडीने चाळीस मिनिटांच्या आत. जेवणाच्या वेळी तिथेही रांग लागते, तेव्हा विमानाच्या वेळेच्या तीन तास आधी पोचा आणि मोठी बॅग आधी काउंटरला देऊन टाका, कारण खुर्च्यांमध्ये ती ठेवायला जागा नसते.